जुळलेलं उत्तर

आमच्या चामोर्शीत दुकानांचा सरकारी सर्व्हे झाला की तो नीट झाला का, हे तपासायला दरवर्षी तोच एक माणूस येतो. चपला बाहेर काढून आत शिरतो आणि घरात कोणी आजारी असावं तसा हळू आवाजात सर्व्हेतलेच प्रश्न पुन्हा विचारतो.

यंदा शेजारच्या बुरडाच्या दुकानापुढेही त्यानं चपला काढल्या. बुरूड वारला तेव्हापासून तिथं कुलूप आहे.

"सुरू हाय का, भाऊ?"

"सुरू हाय," मी म्हणालो. बंद म्हटलं तर घरी सुपं विणणाऱ्या बुरडाच्या बायकोला दुकानाच्या नावावर मिळणारा सवलतीचा बांबू थांबेल, ही भीती.

त्यानं कुलूप हलवून पाहिलं, हाताला लागलेला गंज पुसला.

"पहिल्या सायबालेही हेच सांगतलं?"

"हो."

"मंग जुळलं. मले तेवढंच पाह्याचं रायते."

चपला घालताना, माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमच्या गल्लीचा सर्व्हे दरवर्षी साऱ्यात चोख निघते."