स्वस्तातला वकील

"घोंगडं बाहेर ठेवा. वास येतो."

इंदापूरच्या वकिलाचं आम्हाला उद्देशून पहिलं वाक्य हे. आबांनी खांद्यावरचं घोंगडं काढून चपलांजवळ ठेवलं आणि स्वतःही तिथंच, उंबऱ्याबाहेर बसले. आत खुर्च्या रिकाम्या होत्या.

"ही पोरगी कोण?"

"माजी धाकटी. धाव्वी झालीया, साहेब," आबा म्हणाले. आवाजात कौतुक होतं.

"अरे वा! मेंढरांना इंग्रजी शिकवते का?"

वकील हसला. त्याचा कारकून हसला. मग आबाही हसले. त्या दोघांचं मी विसरले. आबांचं हसणं अजून सलतं.

माझा दादा तेव्हा तुरुंगात होता. डाळजकडच्या एका बागायतदाराच्या उसात कुणीतरी राखणदाराचं डोकं फोडलं होतं. आदल्या दिवशी दादाची मेंढरं त्याच उसात शिरली होती आणि दोघांची बाचाबाची झाली होती. बागायतदाराने बोट दाखवलं, पोलिसांनी दादाला उचललं. कलम तीनशे सात. जीवे मारण्याचा प्रयत्न. त्या रात्री दादा आमच्याजवळ तळावर झोपला होता. पण आमचं ऐकतो कोण?

बारामतीतल्या वकिलांची फी ऐकून आबा नुसते हात जोडून उठायचे. इंदापूरचा हा कमी पैशात तयार झाला. का, ते पुढं कळलं.

मग तारखा. एसटीची वाट बघायची, कोर्टाच्या आवारात बसायचं, पुढची तारीख घेऊन परत यायचं. जीव मेटाकुटीला आला. कधीकधी मला दादाचाच राग यायचा. आणि 'त्या रात्री तू कुठं होतास?' एवढंसुद्धा वकिलाने त्याला कधी विचारलं नाही.

आरोप वाचून दाखवायची तारीख आली. वकील आबांना म्हणाला, "पोराला सांगा, गुन्हा कबूल कर. एका दिवसात मिटेल. तुमचे हेलपाटे वाचतील." त्याला खटला लढवायचाच नव्हता, म्हणून तो स्वस्तात तयार झाला होता.

आबांना ते पटलं. का पटलं, ते आमच्या माणसालाच कळेल. आमच्यात भांडण झालं की बैठक बसते. दोष असो नसो, धाकट्याने वाकायचं, चुकलं म्हणायचं. थोरले कपाळाला भंडारा लावतात, सगळे एका पंगतीला जेवतात, विषय संपतो. आबांनी कितीतरी भांडणं अशीच मिटवली होती. कोर्ट त्यांना तसंच वाटलं. कोर्टात येताना त्यांनी भंडाऱ्याची पुडी आणली होती.

बाहेर बाकावर पोलिसांनी दादाला बसवलं होतं. आबा त्याला म्हणाले, "वाक रं बाबा. चुकलं म्हन. सायेब भंडारा लावत्याल, मग घरी जाऊ."

दादाने मान हलवली. तोही थकला होता.

मी वकिलाला गाठलं. "कबूल केल्यावर दादा आज घरी येनार का?"

"घरी? सात-आठ वर्षं तरी बसेल आत. तुम्हा लोकांना काय फरक पडतो? नाहीतरी उघड्यावरच झोपता."

आबांनी ते ऐकलं. पुडी हातात तशीच.

माझं डोकं सणकलं. तेवढ्यात पुकारा झाला.

आत न्यायाधीशांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?" दादा खाली बघत राहिला. मी मागून ओरडले, "न्हाय सायेब! त्यानं काय केलं न्हाय. ह्यो वकील आमाला नको!"

शिपाई धावला. वकील म्हणाला, "अडाणी माणसं आहेत, साहेब."

न्यायाधीश दादाकडे बघत होते. "तू सांग."

दादाने मान वर केली. "कबूल न्हाय."

"दुसरा वकील करायची ऐपत आहे?"

"न्हाय."

"मग सरकारी खर्चाने देऊ."

एवढंच होतं ते. हक्काचं होतं. इतके महिने आम्ही दारोदार हात जोडत फिरलो आणि हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

नव्या वकिलाने राखणदाराला विचारलं तेव्हा तो म्हणाला, मारणारा मला दिसलाच नव्हता. दादा सुटला. पण तोवर तारखांच्या खर्चात कळप विकला गेला होता, आबाही गेले होते.

आता आमच्यातल्या कुणाचा पोरगा पोलिसांनी उचलला की मी जाते. म्हाताऱ्यांना आधी सांगते, "कोर्ट म्हंजी आपली बैठक न्हाय. तितं वाकलं की माणूस आत जातो." काही माझ्यावर चिडतात. चिडू देत. मी थकलेय, तरी जाणार. ज्याने काही केलं नाही, त्याला मी चुकलं म्हणू देणार नाही.