धाकटीचा परवाना

ताईच्या खानावळीत नऊ वर्षं राबल्यावर तिची सख्खी धाकटी बहीण एक दिवस उठली आणि शेजारच्याच गाळ्यात स्वतःची खानावळ थाटून बसली. ताईने सगळ्यांदेखत तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, आणि तो मनापासून दिला. पण धाकटीच्या दाराशी पहिल्यांदा रांग लागली, त्या दुपारी ताईला घास गिळवला नाही. तेव्हापासून जे पोटात दुखायला लागलं, त्यावर औषध सापडलं नाही.

धाकटीची भांडी जास्त लखलखतात, धाकटीची गिऱ्हाइकं बोटं चाटत उठतात, एवढंच काय, धाकटीचा पंखासुद्धा आवाज करत नाही! ताई हे सगळं बारकाईने बघायची आणि वर म्हणायची, "आपल्याला काय करायचंय बाई."

त्यात नवा नियम आला. खानावळींच्या तेलकट पाण्याने गटारं तुंबतात, म्हणून प्रत्येकाने मोरीखाली ग्रीस ट्रॅप बसवायचा. म्हणजे झाकणाची एक लोखंडी पेटी. मोरीचं पाणी तिच्यात थांबतं, तेल वर तरंगतं, खरकटं तळाशी बसतं आणि मधलं निवळ पाणी पुढे जातं. तेल आणि गाळ मिळून पेटी पाव भागाहून जास्त भरलेली दिसली, तर सांडपाण्याचा परवाना नाही. आणि परवाना नाही तर खानावळ बंद.

इन्स्पेक्टरबाई तपासणीला आल्या. खुणा केलेली पारदर्शक नळी त्यांनी पेटीत बुडवली आणि उजेडात धरली.

"अर्धी भरलीय हो, ताई."

"परवाच तर उपसली!"

"मग भांडी कशी घासता ते बघा. पंधरा दिवसांनी परत येते. तेव्हाही असंच असेल, तर मोरीला बूच मारून सील करावं लागेल. शेजारी एकदा बघून या ना. त्यांची पेटी किती स्वच्छ!"

शेजारी! ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. धाकटीचा परवाना त्याच दिवशी चौकटीत बसून भिंतीवर चढला.

तिला जाऊन विचारणं म्हणजे आपणच आपलं नाक कापून घेणं. त्यापेक्षा ताई मागच्या बोळात उभी राहून डोकवायला लागली. तीन सकाळी तिने बघितलं, धाकटी वाफाळतं पातेलं घेऊन मोरीकडे जाते. 'असं होय! उकळतं पाणी ओतून तेल वितळवते आणि पुढे पळवते. साळसूद कुठली!'

तपासणीच्या दिवशी सकाळी ताईने देवापुढे हात जोडले, आणि मग लिंबाच्या वासाची साबणपूड घालून चार पातेली उकळतं पाणी पेटीत ओतलं. पेटी अगदी आरशासारखी झाली.

इन्स्पेक्टरबाईंनी नळी बुडवली, मान डोलावली, पेन काढलं. तेवढ्यात बोळातून धाकटीची हाक आली, "बाई, जरा इकडे या हो! माझ्या मोरीतून पाणी उलटं वर येतंय!"

दोन्ही गाळ्यांचे पाईप धाकटीच्या मागच्या दाराशी एकाच चेंबरमध्ये मिळत होते. झाकण उघडलं. वितळलेलं तेल तिथे येऊन गार पडलं होतं, मेणासारखं घट्ट होऊन नेमकं धाकटीच्या पाईपाच्या तोंडाशी बसलं होतं.

"पेट्या दोघींच्याही स्वच्छ," इन्स्पेक्टरबाई धाकटीला म्हणाल्या, "मग हे कुठून आलं? चेंबर तुमच्या दारात, बोळा तुमच्या पाईपाच्या तोंडाशी. तुमचा परवाना मला थांबवावा लागेल. काही सांगायचंय?"

ताईच्या पोटात गारगार वाटलं. अगदी क्षणभर, पण वाटलं. सकाळी ज्या देवापुढे हात जोडले, त्याची आता आठवणसुद्धा नको झाली.

धाकटी वाकून चेंबरकडे बघत होती. तेलावर फेस होता आणि फेसाला लिंबाचा वास होता. नऊ वर्षं तिने त्याच पुडीने ताईची भांडी घासली होती. तिने ताईकडे एकदा बघितलं आणि नजर खाली वळवली.

"नाही बाई. काही नाही सांगायचं."

ताईला फाडकन तोंडात मारल्यासारखं झालं. हिला कळलंय! कळूनही गप्प बसतेय! आता उद्यापासून आयुष्यभर ही मोठ्या मनाची आणि मी तिच्या उपकाराखाली. गिऱ्हाइकं नेली, नाव नेलं, आता चांगुलपणातही पुढे जाणार?

"थांबा," ताई कडाडली. "माझं नाव लिहा! सकाळी मी ओतलं उकळतं पाणी. हिची नक्कल केली."

"माझी?" धाकटी चकित झाली. "अगं ताई, ते तर मी फरशी पुसायला नेते."

"मग तुझी पेटी स्वच्छ कशी?"

"भांडी पाण्यात टाकायच्या आधी रद्दीने पुसून घेते. तेल कागदाबरोबर कचऱ्यात. तुझ्याकडेही असंच करायचे."

ताईच्या मोरीला आठ दिवसांसाठी बूच बसलं. चेंबर तिनेच पदर खोचून, कोपरापर्यंत हात घालून साफ केलं. धाकटी घमेलं धरून उभी होती.

"ताई, आठ दिवस तुझी गिऱ्हाइकं माझ्याकडे जेवू देत. एक शेगडी तुझी."

"येईन," ताई हात न थांबवता म्हणाली. "पण सांगून ठेवते, रस्सा मी करणार. तुझा पातळ होतो."

तो पातळ होत नव्हता. हे दोघींनाही माहीत होतं.