कॉम्प्युटरला वाहिलेलं वस्त्र

आमच्या घरचा कॉम्प्युटर बिघडला की घरातले पुरुष एकदम हुशार होतात. एरवी त्यांना स्वतःचा टॉवेल सापडत नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलीचा नर्सिंगचा फॉर्म भरायचा होता. संध्याकाळी पाचला मुदत संपत होती. फॉर्म गेला नाही तर वर्ष वाया, आणि रिकामी बसलेली मुलगी दिसली की आमच्या नातेवाईकांना लगेच स्थळं आठवतात. दोन स्थळं तर सोनं देता देताच सांगून झाली होती. फोनवर फॉर्मचं शेवटचं पान उघडत नव्हतं. पांढरकवड्यातली फॉर्म भरून देणारी दुकानं सणामुळे बंद. उरला आमचा कॉम्प्युटर. तो सुरू व्हायचा, पाच मिनिटं चालायचा आणि काही न सांगता बंद पडायचा.

आमच्या यजमानांनी पहिला उपाय केला. बटण दाबून पाहिलं. मग तेच बटण जरा जोरात दाबून पाहिलं.

"काहून बंद पडून राह्यलं हे?" त्यांनी मुलीला विचारलं, जणू तिनंच त्याला फूस लावली होती.

मग माझ्या दिराला बोलावलं. भाऊजींनी कधीकाळी तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला आहे. त्याचं सर्टिफिकेट त्यांच्या बैठकीत देवांच्या फोटोंच्याही वर टांगलं आहे. ते आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "व्हायरस हाये."

"काका, अजून सुरूच नाही केलं," मुलगी म्हणाली.

"म्हणूनच तर म्हणतो. वहिनी, चहा ठेवा, टाइम लागते याले."

व्हायरस चहाला भितो हे मला तेव्हा कळलं. मी चहा ठेवला. मी चौथी शिकलेली, त्यात चार माणसांत बोलायचं म्हटलं की मी स्वयंपाकघर गाठते. त्यामुळे घरात माझं मत कुणी विचारत नाही, आणि मला ते बरंच वाटत आलं आहे.

पण चहाचे कप ठेवताना लक्षात आलं की डब्बा मुका आहे. कॉम्प्युटरच्या उभ्या पेटीला आम्ही डब्बा म्हणतो. तो रोज मीच पुसते. सुरू असला की आतला पंखा घुंघुं करतो, हे मला ठाऊक आहे. आज भाऊजींनी सुरू केला होता, तरी आवाज नव्हता. हात लावला तर तव्यासारखा तापलेला. तेव्हा मला वस्त्र आठवलं.

खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा होते. विळी, शिलाई मशीन, मोटरसायकल, आणि आता कॉम्प्युटर. मी डब्ब्याला हळदीकुंकू लावलं, फूल ठेवलं आणि देवाला वाहतात तसं कापसाचं वस्त्र वाहिलं. आमच्या जिल्ह्यात कापसाला तोटा नाही, म्हणून माळ जरा लांबच वळली होती. शोभा यावी म्हणून ती डब्ब्याच्या बाजूच्या जाळीवर सोडली. दुसऱ्या दिवशी फूल होतं, माळ नव्हती. मला वाटलं, यांनी निर्माल्य उचललं. हे निर्माल्य उचलतील असं मला वाटलं, हीच माझी मोठी चूक.

सव्वाचार वाजले. भाऊजींनी दोनदा वायर काढून लावली आणि निर्णय दिला, "फॉरमॅट मारू. आतलं सगळं पुसून जाते, पण मशीन नवी होते."

मुलीच्या मार्कशीट, दाखले, फोटो, सगळं आतच होतं. तिनं फक्त घड्याळ पाहिलं.

"त्याचा पंखा अटकला हाये," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की भाऊजींनी खिडकीकडे पाहिलं.

"तुले काय समजते त्यातलं?" हे म्हणाले.

"काही नाही समजत. वस्त्र मीच वाह्यलं होतं. ते आत गेलं असन."

भाऊजी हसले. हसताना ते खुर्ची जरा मागे सरकवतात, तेवढ्या जागेत मी खाली बसले. वायर काढली. शिलाई मशीनच्या पेचकसानं मागचे दोन स्क्रू काढले आणि बाजूचा पत्रा ओढला. माझं वस्त्र हळदीकुंकवासकट पंख्याला करकचून गुंडाळलेलं होतं. देव्हाऱ्यातल्या देवांनी माझं वस्त्र कधी इतकं गच्च धरलं नाही. कात्रीनं कापून काढावं लागलं.

"पाह्यलं?" भाऊजी यांना म्हणाले. "मी म्हटलंच होतं, आत काहीतरी शिरलं हाये."

वायर लावली. पंखा घुंघुं करू लागला. पाच मिनिटं गेली, मग सहा, मग दहा. मुलगी मान खाली घालून कॉलेजांची नावं भरत होती. पहिलं नागपूरचं भरलं.

"नागपूरले कायले?" हे म्हणाले.

तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. पाचला दहा मिनिटं कमी असताना पडद्यावर अर्जाचा नंबर आला. तिनं तो वहीत लिहिला, हातावर लिहिला, फोनमध्ये फोटोही काढला. मग तळहात माझ्यापुढे धरला.

"आई, पाह्य तं, बरोबर लिव्हला का?"

मी एकेक आकडा आधी पडद्यावर वाचला, मग तिच्या हातावर. बरोबर होता.