किसनभाऊंनी मारलेली हाक

माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. आईला नाही. जिच्याजवळ मी पोटातलं सगळं ओकते त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असलात तर असू द्या, आता लिहायला घेतलंच आहे.

आधी माझ्याबद्दल थोडं. म्हणजे — टाळते आहे, कळतंय मला. पण सांगते.

मी मेडशीची, वाशीम जिल्ह्यातली. घरी सोयाबीन आणि तूर. सिनेमाचं वेड कुठून शिरलं देव जाणे. आमच्या घरातलं कोणी गावच्या नाटकात पडदा ओढायलाही उभं राहिलं नव्हतं. मी पुण्यात एक कोर्स केला, वर्षभर निर्मात्यांच्या ऑफिसांबाहेर बसले, ‘कळवतो’ हा शब्द ऐकून कान किटले आणि परत आले. घरी ठणकावून सांगितलं की मी आता स्वतंत्र फिल्ममेकर आहे. आबा, म्हणजे माझे वडील, शांतपणे म्हणाले, “मंजे बेकार.”

खोटं नव्हतं ते. एक जुना कॅमेरा घेतला आणि लग्नं धरली. लग्नं मिळालीही भराभर, त्यात माझी कला वगैरे काही नव्हती. शूटिंगवाली बाई आहे म्हटल्यावर हळदीच्या खोलीत, नवरीच्या साडीच्या वेळी, बायका बिनधास्त मला आत घ्यायच्या. “ये वं, दार लाव,” असं म्हणायच्या आणि पुन्हा आपल्या हसण्यात गुंतायच्या. मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा — सगळीकडे बोलावणं यायला लागलं. आणि लग्नांतून उरलेल्या दिवसांत मी माझी फिल्म करत होते. तेरा मिनिटांची. गाव सोडून निघालेली मुलगी आणि तिला निरोप देताना तोंडातून शब्द न फुटणारा बाप. एवढीच गोष्ट.

ती फिल्म पुढे गाजली. गाजली म्हणजे आमच्या धंद्यात गाजते तेवढी. तिच्यामुळेच मला काम मिळालं. आज मी जे काही आहे ते त्या तेरा मिनिटांवर उभं आहे, म्हणून हे सगळं सांगावं लागतंय.

तर, सुजाताचं लग्न.

सुजाता आसेगावची. आमच्या मेडशीत, आमच्या घरापासून तीन गल्ल्या सोडून दिली. मुलाकडच्यांनीच माझं नाव सुचवलं. तिचे वडील किसनभाऊ गावात नळाला पाणी सोडायचे. कोणत्या गल्लीत किती वाजता पाणी येणार ते त्यांच्या हातात. बौद्ध कुटुंब, दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या शेजारी पोरीचं डी.एड.चं सर्टिफिकेट, तेही फ्रेम करून. किसनभाऊ बोलताना अडखळायचे. साधंसुधं अडखळणं नाही. ‘स’ आला की बैलगाडी चिखलात रुतावी तसे रुतायचे. गावातली पोट्टी म्हणायची, किसनभाऊचं वाक्य पुरं होयेपर्यंत यष्टी मंगरूळले जाऊन वापस येते. ते हसायचे आणि आपली पाण्याची चावी फिरवायचे.

आता बघा, पोरीचं नाव ठेवलं आत्याने. बारशाला नाव आत्याच ठेवते, बापाला कोण विचारतं? आणि आत्याने ठेवलं सुजाता. बाप जन्मभर तिला ‘माय’ म्हणत राहिला. “माय, पानी दे.” “माय, शाळेत नाही गेली काय?” नावाने हाक म्हणून नाही. हे मला हळदीच्या खोलीत तिच्याच मावशीने सांगितलं, हसत हसत.

बौद्ध लग्न आटोपशीर असतं. त्रिशरण, पंचशील, हार, टाळ्या. मग कोणी ना कोणी माईकवर दोन शब्द बोलतं. त्या दिवशी निवेदकाने मुलीच्या मामाला बोलावलं आणि उठले किसनभाऊ. मांडवात हसू पसरलं, आता जेवणावळ लांबते म्हणून. त्यांनी माईक दोन्ही हातांनी धरला. खूप वेळ घेऊन, पण स्पष्ट बोलले, “माह्या पोरीले मी कधी नावानं हाक नाही मारली. माहं तोंड अडते. आज मारतो.” आणि थांबले. मग ते म्हणाले, “सुजाता.” अख्खं, एका दमात.

सुजाता स्टेजवर ढसाढसा रडली. मी फोकस बघत होते.

हे सगळं माझ्या कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावर होतं. आणि आवाज वेगळा — मी स्टेजच्या माईकजवळ एक छोटा रेकॉर्डर लावून ठेवायचे. लग्नाच्या शूटिंगला कोणी तेवढं करत नाही. पण आपल्याला सिनेमावाले व्हायचं होतं ना!

दुसऱ्या दिवशी पोहरादेवीची यात्रा होती. माझ्या फिल्ममधली मुलगी त्या गर्दीत मिसळते आणि दिसेनाशी होते, हा शेवटचा शॉट. तेवढी गर्दी मी कुठून आणणार होते? लॅपटॉप भरलेला. दोन कार्डं, दोन्हीवर लग्न. एकावर हळद आणि वरात, दुसऱ्यावर स्टेज. दुसरी डिस्क आणायला वाशीमला जाऊन यायचं तर सकाळची गर्दी गेली असती. यात्रा वर्षातून एकदा येते, असं मी स्वतःशी म्हटल्याचं मला आठवतं. लग्न किती वेळा येतं?

आमच्या धंद्यातली एक गोष्ट सगळ्या शूटिंगवाल्यांना पाठ असते. भाषणं कोणी बघत नाही. घरी पाहुणे जमले, टीव्हीला पेनड्राइव्ह लावला की हळद बघतात, कोण कसं नाचलं ते तीनतीनदा बघतात, आणि भाषण आलं की — पुढे ढकल. हा हिशेब मी केला. स्टेजचं कार्ड कॅमेऱ्यात घातलं. कॅमेरा विचारतो, सगळं पुसायचं का? मी ‘हो’ दाबलं. चुकून नाही. वाचून, समजून दाबलं.

मग आसेगावला जाऊन सांगितलं की कार्ड खराब झालं. चेहरा पाडून सांगितलं. बरं जमलं ते. किसनभाऊच मला समजवायला लागले. तुकड्यातुकड्यांत, रुतत, बाहेर पडत म्हणाले, “जाऊ दे बाई. मशीनच आहे ते. पोरीनं आयकलं ना, मंग झालं.” आणि बायकोला चहा ठेवायला सांगितला. मी तो प्याले.

पण कबुली ही नाही. एवढंच असतं तर मी केव्हाच कोणाला तरी सांगून मोकळी झाले असते. कोवळं वय, मोठी स्वप्नं, चूक झाली — लोक माफ करतात असल्या गोष्टी. कधीकधी कौतुकसुद्धा करतात.

महिन्याभराने फिल्म जोडायला बसले. बापाचं काम आमच्या ओळखीच्या एका रिटायर मास्तरांनी केलं होतं. चेहरा छान, आवाज मात्र हजेरी घेतल्यासारखा. निरोपाच्या वेळी बाप मुलीला एकदाच नावाने हाक मारतो, ती चार वेळा बोलून घेतली. “रेकॉर्डरच बरोबर नाही तुझा,” असं मास्तर म्हणाले. नाचता येईना, अंगण वाकडं! म्हणून मी रेकॉर्डर तपासला. आणि त्यात किसनभाऊ सापडले. पूर्ण. पहिल्या शब्दापासून टाळ्यांपर्यंत.

त्या दिवशी मी काय करायला हवं होतं? मेडशीतच होते मी. सुजाताचं सासर तीन गल्ल्यांवर. पायात चप्पल घालायचा अवकाश होता.

मी हेडफोन लावले आणि तो आवाज फिल्ममधल्या बापाच्या पाठमोऱ्या शॉटवर ठेवला. बसला. असा बसला की अंगावर काटा आला, आणि खरं सांगते, मला आनंद झाला. निव्वळ आनंद. माझ्या फिल्ममधल्या मुलीचं नाव राधा होतं. मी ते बदलून सुजाता केलं. एके ठिकाणी तिची मैत्रीण तिला ‘राधे’ म्हणून हाक मारायची, तो शॉट काढून टाकला. श्रेयनामावलीत बापाचा आवाज म्हणून माझ्या मामाचं नाव टाकलं. मामाला आजतागायत पत्ता नाही.

विचारावं असं मनात आलं नाही का? नाही आलं. हे लिहितानाही लाज वाटते. किसनभाऊंच्या जागी आमच्या भावकीतला एखादा काका असता तर मी विचारलं असतं. पायावर डोकं ठेवून विचारलं असतं. इथे गरजच वाटली नाही. काहून वाटली नाही, ते मला ठाऊक आहे आणि वाचणाऱ्यालाही ठाऊक असेल.

फिल्म एका महोत्सवात निवडली गेली. फॉर्मवर एक ओळ होती: सर्व आवाज आणि चेहरे संमतीने वापरले आहेत. मी खूण केली. तिथे बक्षीस मिळालं आणि परीक्षकांपैकी एक बाई म्हणाल्या की त्या बापाची शांतता विसरता येत नाही. एका निर्मात्याने बाजूला घेऊन विचारलं, हा नट कुठला? मी म्हटलं, आमच्याकडचा नाटकातला माणूस आहे. त्यावर तो म्हणाला, जी मुलगी असा आवाज शोधून काढते तिला मी काम देणार. आणि त्याने दिलं. ज्या ऑफिसांबाहेर मी वर्षभर बसले होते, त्यातल्याच एका ऑफिसात आत खुर्ची मिळाली.

त्याच पावसाळ्यात किसनभाऊ गेले. टाकीजवळ छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

तेराव्याचं वगैरे त्यांच्यात नसतं. काही दिवसांनी सुजाता स्वतः आमच्या घरी आली, मी गावी आले होते तेव्हा. ओसरीवर बसली. तिला भांडायचं नव्हतं. ती म्हणाली, “ताई, ते कार्ड कोनाले दाखवता येईन का? पुण्यात दुरुस्त करतेत म्हने. दिसलं नाही तरी चालन. नुसता आवाज भेटला तरी लय झालं. बाबाचा दुसरा कुठंच नाही.”

नुसता आवाज.

तो आतल्या खोलीत होता, लॅपटॉपमध्ये. आमच्या दोघींमध्ये एक भिंत आणि एक पडदा. मी आत जाऊन तिला तो मोबाइलवर देऊ शकत होते, दोन मिनिटांचं काम. पण दिला तर तिने तो ऐकला असता, शंभरदा ऐकला असता, आणि फिल्म आज ना उद्या तिच्यापर्यंत पोचलीच असती. चोराच्या मनात चांदणं. मी म्हटलं, “दाखवलं गं मी दोन ठिकाणी. सगळं गेलं त्यातलं.” तिने मान हलवली. उलट मलाच म्हणाली, “तुमाले लय तरास देला मी.” आईने तिला शेवया बांधून दिल्या.

ही ती कबुली. बघा, सांगायला किती थोडं लागतं.

त्याला आता पाच वर्षं झाली. मला कामं मिळत गेली, नाव झालं म्हणतात. नव्या मुलींना मी कधीकधी शिकवायला जाते. आवाजाचं महत्त्व या विषयावर बोलते. हो, बोलते. त्या वह्यांमध्ये लिहून घेतात.

मागच्या दिवाळीत मेडशीला गेले होते. सुजाताने बोलावलं म्हणून तिच्याकडे गेले. दरवेळी टाळायला कारण तरी किती शोधणार? ती आता जवळच्या शाळेत शिकवते. पोरगी तीन वर्षांची, भारी बडबडी. मला लाडू देता देता सुजाता पोरीला सांगत होती, “तुह्या आज्यानं मले एकच डाव नावानं हाक मारली व्हती. मोठ्या मांडवात, माईकवर. ह्या ताई व्हत्या तिथं.” पोरगी म्हणाली, कशी मारली, करून दाखव. सुजाताने करून दाखवली. “स-स-स-सुजाता.” पोरगी खिदळली आणि तीही तसंच करायला लागली.

सुजाता हसली, मग माझ्याकडे बघितलं. “असंच म्हनत व्हते ना वं ताई बाबा? मले आता इसरल्यावानी होऊन राह्यलं.”

मी म्हटलं, “हो. असंच.”

असं नव्हतं. किसनभाऊ कधी स-स-स करत नसत. त्यांचा आधी श्वास थांबायचा. त्या दिवशी नऊ सेकंद काहीच आलं नाही — मांडवातला पंखा, कोणाच्या तरी बांगड्या, नाकातून एक बारीक हुंकार — आणि मग अख्खं नाव एकदम, शेवटचा ‘ता’ किंचित लांबवलेला, लांबच्या माणसाला हाक मारताना लांबवतात तसा. फिल्ममध्ये मी त्या नऊ सेकंदांचे चार केले, रेंगाळत होतं म्हणून. पण मूळ तसंच आहे, नऊच्या नऊ सेकंद. लॅपटॉपही तोच आहे, आणि तो तेव्हा माझ्या पायाशी पिशवीत होता.

मी लाडू संपवला, पोरीच्या हातावर खाऊ ठेवला आणि घरी आले.