आमच्या घरातलं एकमेव कुलूप

उधन्यातल्या आमच्या चाळीत दिवसा दार लावायची पद्धतच नव्हती. दार लागलेलं दिसलं की लोक काळजीने कडी वाजवायचे, घरात कुणी आजारी आहे की नवराबायकोचं वाजलं, हे विचारायला. दाराला पडदा, तोही अर्धा. खोली एक, आणि आत आम्ही तिघं: अप्पा, माय आणि मी. अप्पा म्हणजे माझे वडील, यंत्रमागावर कामाला. मूळचे आम्ही खानदेशातले, घरात बोलणं अहिराणी. मी बारावी होऊन कॉम्प्युटर क्लासला जायला लागले होते आणि नव्वदचं दशक संपत आलं होतं. कापड मार्केटमधल्या ऑफिसात नोकरी लागायची तर कॉम्प्युटरवर हात बसलेला हवा, असं जो तो सांगायचा.

माझा मामा मार्केटमधल्या एका शेठकडे होता. शेठने नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना मामाने आमच्याकडे आणून टाकला, लोडिंग रिक्षातून, गोधडीत गुंडाळून. माझा आनंद काय सांगू! मी त्या पेटाऱ्याला ओवाळायचीच बाकी होते. मायने ओवाळलं. हळदकुंकू लावलं, वर फूल ठेवलं. फूल घसरून मागच्या जाळीत गेलं, ते मी चिमट्याने काढलं.

मग सगळ्या चाळीला मतं फुटली. अप्पांचं पहिलं मत लाइटबिलावर. त्या यंत्रात डॉसही होतं आणि विंडोजही. डॉस म्हणजे काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. विंडोज म्हणजे रंगीबेरंगी चित्रं. अप्पांनी दोन्ही नीट पाहिलं आणि निकाल दिला की डॉसच चांगलं, काळा पडदा लाइट कमी खातो. आमच्या क्लासचे सरही डॉसच्याच बाजूचे. ज्यांच्या डोक्यात आज्ञा राहत नाहीत त्यांनी चित्रांवर टिचक्या माराव्यात, असं ते नाक वर करून म्हणायचे. मला तर बाई विंडोजच आवडायचं. दिवसभर मागांचा खडखडाट ऐकून कान किटलेले असताना एक निळं आभाळ समोर उघडतं, त्यात वाईट काय?

शेजारची मावशी लातूरकडची. तिचं मत सगळ्यात न्यारं. ती कॉम्प्युटरच्या पडद्यासमोरून जाताना डोक्यावरचा पदर सारखा करायची. "अगं, आपल्याला त्यातलं दिसतंय, तर त्यातल्याला आपण दिसत नसू कशावरून?" आम्ही जेवायला बसलो की ती येऊन कॉम्प्युटरवर टॉवेल टाकून जायची, उगाच कुणाची नजर नको म्हणून. हसून हसून आमची पुरेवाट व्हायची. पण टॉवेल कुणी काढायचं नाही.

आणि मग मी पासवर्ड ठेवला.

सरांनी क्लासात शिकवलं, मी घरी येऊन करून पाहिलं. त्यांनी हेही सांगितलं होतं की आमच्या विंडोजचा पासवर्ड नावापुरता, एस्केपचं बटण दाबलं की कुणीही आत जातं. म्हणजे आमच्या दाराचा पडदाच की तो! ही गोष्ट मात्र मी घरात कुणाला सांगितली नाही. मी वेडी थोडीच होते!

दुसऱ्या दिवशी मायने कौतुकाने बटण दाबलं, तर यंत्र तिलाच विचारायला लागलं की तू कोण. मावशीने दाराच्या पडद्यातून डोकं घातलं, "काय झालं गं?" आणि संध्याकाळपर्यंत चाळभर झालं की पोरीने डब्याला कुलूप लावलंय.

अप्पा कामावरून आले, चहासुद्धा घेतला नाही. "घरमा कुलूप कसाले? काय दपाडस त्यामा?" घरात कुलूप कशाला, काय लपवतेस, असं. त्यांच्या मनात काय होतं ते मला कळलं. एकोणीस वर्षांची पोर आणि लपवाछपवी, म्हणजे दुसरं असणार काय! "कुलूप काढ, नाहीतर हा डबा उद्या मामाकडे परत," ते म्हणाले. डबा गेला म्हणजे सराव गेला, आणि सराव गेला की मार्केटची नोकरीही गेली.

माय चुलीकडून बोलली. ती गॅसच्या शेगडीलाही चूलच म्हणायची. "माझं म्हणून काय आहे या घरात? लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं, माहेरचं नावसुद्धा गेलं. मी मागितलं का कधी कुलूप?"

खरं सांगू? आत काही नव्हतंच. टायपिंगचा सराव, आणि माउसने काढलेली वाकडीतिकडी फुलं. दाखवली असती तर दोन मिनिटांत मिटलं असतं. पण माझंही डोकं फिरलं. मी म्हणाले, "अप्पा, माझी वही सगळे उघडतात, पेटी सगळे उघडतात. मी आरशात बघितलं तरी मावशी विचारते की कशाला बघतेस. एवढी एक जागा माझी आहे. आता उघडते, सगळे मिळून बघा. पण मग तो डबा मला नको. खुशाल पाठवा परत."

आणि रडायला लागले. ठरवलं नव्हतं, आलंच.

मी कीबोर्डकडे हात नेला तर अप्पांनी माझं मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे," म्हणाले. मग तंबाखूची डबी काढली, मळत बसले. शेजारच्या गल्लीतले माग सुरू झाले की वीज कमी होऊन कॉम्प्युटरचा पडदा आक्रसायचा, तसा तो आक्रसला आणि पुन्हा पसरला. अप्पांनी तंबाखू तोंडात टाकली, उठले आणि मला म्हणाले, "सरक जराशी. माले बी एक कुलूप जोयजे."

मी बघतच राहिले. त्यांनाही कुलूप हवं होतं!

त्यांना इंग्रजी अक्षरं येत होती, मालाच्या गठ्ठ्यांवरच्या खुणा वाचून शिकलेली. मी कॉम्प्युटरवर त्यांचं वेगळं खातं उघडून दिलं. त्यांनी हुकूम सोडला की सगळ्यांनी तिकडे तोंड करा. माय शेगडीकडे वळली, मी भिंतीकडे. मावशी दाराच्या पडद्यात उभी होती, तीही बिचारी पाठ फिरवून उभी राहिली.

अप्पांनी एक बटण दाबलं आणि ओरडले, "अक्षर दाबस अन् हाई चांदण्या काढस!" पासवर्डच्या जागी तारेच दिसतात, हे त्यांना काय ठाऊक. मी भिंतीशी बोलल्यासारखं समजावलं. आता आपण काय लिहिलं ते दिसेना, तेव्हा त्यांनी हिशेब राहावा म्हणून एकेक अक्षर मोठ्याने म्हणत दाबायला सुरुवात केली. मी तोंडात ओढणी कोंबली. गुपित ठेवायचं आणि चाळभर ऐकवायचं, हे आमच्या अप्पांनीच करावं! त्यात यंत्राने पुन्हा एकदा लिहा म्हटलं. पुन्हा सगळं मोठ्याने, पहिल्यापासून.

पण दुसऱ्या वेळी माझं हसू थांबलं. अक्षरं जुळली होती. ते मायचं माहेरचं नाव होतं. मी ते फक्त आखाजीच्या सणाला आजोळी ऐकलेलं, मामाच्या तोंडून. अप्पांच्या तोंडून एकदाही नाही.

मायला इंग्रजी येत नव्हतं, मावशीलाही नाही. "काय ठेवलं गं?" दोघींनी मला किती छळलं! मी हूं की चूं केलं नाही. डबा घरातच राहिला, माझं कुलूपही.

चारसहा दिवसांनी, अप्पा कामावर गेल्यावर, माय हात पुसत माझ्याजवळ आली. इकडेतिकडे बघून म्हणाली, "माले बी एक दे ना करी." मी खातं उघडलं आणि विचारलं, काय ठेवायचं? तिने पदर तोंडाशी धरला आणि माझ्या कानात आपलं माहेरचं नाव सांगितलं.

"ते ठेव," ती म्हणाली. "कोनलेच नही समजाव. तुन्हा बाप तं कव्हयच विसरी गया व्हई."

अप्पा विसरलेले नाहीत, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं, तिचं बोट धरलं आणि पहिल्या अक्षरावर ठेवलं.