संधीचा परिच्छेद

अमेरिकेचे नवे राष्ट्राध्यक्ष निवडून आले त्या दुपारी माझ्या धाकट्या भावाने ऑफिसातून फोन करून माझं अभिनंदन केलं. जणू आमचाच कुणी जावई निवडून आला होता. "ताई, आला बघ शेवटी धंदा कळणारा माणूस! आता वर्षभरात गाडी कशी पळते बघ." मी म्हटलं, "गाडी कुणाची आणि तिच्याखाली येणार कोण, ते आधी बघ." तो हसला. मी असंच काहीतरी बोलणार हे त्याला माहीत होतं. किंबहुना तेवढ्यासाठीच त्याने फोन केला होता.

भाऊ इंजिनियर आहे. चिप तपासायची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत होता, एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीपुरत्या परवान्यावर. मी त्याच्या बरीच वर्षं आधी सिंगापूरला आले, इथली नागरिक झाले, बिशानला आमचा स्वतःचा फ्लॅट आहे. तो उशिरा आला. पीआरसाठी, म्हणजे कायम राहायच्या परवानगीसाठी, त्याने दोनदा अर्ज केला आणि दोन्ही वेळा नकार आला. त्यामुळे चोआ चू कांगचा भाड्याचा फ्लॅट, लेकीची शाळा, बायकोची शनिवारची गाण्याची शिकवणी, असं त्याचं इथलं सगळं आयुष्य एका नोकरीला बांधलेलं. नोकरी गेली की पास गेला, आणि पास गेला की महिनाभरात बाडबिस्तरा उचलायचा. कंपनीची मोठी गिऱ्हाइकं अमेरिकेत. हे सगळं ठाऊक असून हा माणूस त्या राष्ट्राध्यक्षांवर लट्टू होता, याचा मला मनस्वी राग यायचा.

रविवारी ते तिघं आमच्याकडे जेवायला येत. मेट्रोची लाल लाइन चोआ चू कांगहून थेट बिशानला येते, पण येताना सगळ्या बेटाच्या डोक्यावरून वळसा घालते. तेवढ्या वेळात भाऊ फोनवर व्हिडिओ बघून भांडायची तयारी करून यायचा. चपला काढता काढता सुरुवात. मी सांगायची, अरे, आयातकर परदेशी कंपनी भरत नाही. तिथली जी बाई पोराला शाळेचे बूट घ्यायला दुकानात जाते ना, ती भरते. श्रीमंतांना करात सूट द्यायची आणि ती भरून काढायला गरिबाच्या दवाखान्याला कात्री लावायची, याला धंदा कळणं म्हणत नाहीत. तो म्हणायचा, "वाटाघाटी असतात गं त्या. आधी मोठा आकडा फेकायचा, मग खाली यायचं. आई तुळशीबागेत दुसरं काय करायची?"

"आई दुकानदाराला शिव्या देत नव्हती," मी म्हणायची. "आणि एकदा भाव ठरला की संध्याकाळी परत जाऊन बदलत नव्हती."

मला त्या माणसाच्या धोरणांपेक्षाही त्याच्या वागण्याची चीड होती. सकाळी फर्मान काढायचं, बाजार कोसळला की मागे घ्यायचं, आणि मागे घेतलं हाच विजय म्हणून मिरवायचं. शेजारी देशांशी घरमालकाने भाडेकरूशी बोलावं तसं बोलायचं. मोठमोठे उद्योगपती टेबलाभोवती बसून आळीपाळीने त्याचं कौतुक करतानाची दृश्यं बातम्यांत दिसत, तेव्हा मला टीव्ही बंद करावासा वाटे. राज्य चालवणं म्हणजे एका माणसाची मर्जी सांभाळणं झालं, की त्या मर्जीच्या सगळ्यात लांब टोकाला जो उभा असतो तो आधी पडतो. हे मी पोटतिडकीने सांगायची, आणि भाऊ माझ्या ताटात आणखी एक पुरी वाढून म्हणायचा, "ताई, तू जेव आधी."

आता माझ्या कामाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. मी रॅफल्स प्लेसच्या एका ब्रोकरेज कंपनीत रिसर्च विभागात आहे. जगात काय घडलं आणि त्याने इकडच्या शेअरांचं काय होईल, यावर रोज सकाळी गिऱ्हाइकांसाठी टिपण लिहिणं हे माझं काम. आमच्याकडे एक शिरस्ता आहे. जोखमीचा परिच्छेद लिहिला की त्याखाली संधीचा परिच्छेद आलाच पाहिजे. गिऱ्हाईक नुसतं घाबरलं तर सगळं विकून मोकळं होतं आणि परत फिरकत नाही. म्हणून आधी घाबरवायचं आणि मग हातात खाऊ द्यायचा. संधी दिसत नसेल तर शोधायची. मी वर्षानुवर्षं शोधत आले आहे. भूकंप झाला तर सिमेंट, साथ आली तर रबरी हातमोजे. या कामात मी तरबेज आहे आणि त्याचा मला पगार मिळतो.

आयातकर जाहीर झाले ती सकाळ मला चांगली आठवते. सिंगापूर अमेरिकेकडून घेतं जास्त आणि विकतं कमी, वर एकमेकांना कर लावायचा नाही असा जुना करार, तरी आमचंही नाव त्यात होतं. मेट्रोत माणसं नेहमीसारखीच फोनमध्ये बघत होती, पण कुणी गेम खेळत नव्हतं. ऑफिसात जाऊन मी जोखमीचा परिच्छेद एका दमात लिहिला. हे धोरण नाही, एका माणसाचा लहरीपणा आहे, आणि त्याची किंमत दोन्ही देशांतले कामगार मोजतील, असं एक वाक्य त्यात होतं. आमच्या विभागाची प्रमुख सिंगापुरी चिनी आहे, माझ्याहून वयाने लहान, मनाने सरळ बाई. तिने ते वाक्य वाचलं, मान हलवली आणि खोडलं. त्या जागी लिहिलं, "धोरणात्मक अनिश्चितता वाढली आहे." मग म्हणाली, "तुझं खरं आहे. पण लोक आपल्याला खऱ्यासाठी पैसे देत नाहीत, विचारपूर्वक बोलण्यासाठी देतात. आता अपसाइड लिही, संधीचं. टेन मिनिट्स, कॅन?"

मी लिहिलं. चीनमधून बाहेर पडणारं काम आग्नेय आशियातल्या यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांकडे वळू शकतं, मध्यम मुदतीत त्यांना फायदा होऊ शकतो. असं होईल असं मला वाटत होतं का? नाही. होणारच नाही असंही वाटत नव्हतं. मोकळी जागा होती, ती भरली.

त्यानंतर काही आठवड्यांनी भावाच्या कंपनीने त्याला विचारलं, पुण्याच्या ऑफिसात एका टीमचा प्रमुख म्हणून जातोस का. पगार थोडा कमी, पण जागा पक्की. रविवारी जेवताना त्याने हे सांगितलं तेव्हा मी हातातली वाटी खाली ठेवून म्हटलं, "जा. आत्ता जा. अमेरिकेची ऑर्डर थांबली तर इथे आधी पासवाल्यांना काढतील." त्याची बायको माझ्याकडे बघत होती. तिलाही जायचं होतं, असं मला वाटलं. भाची पाचवीत होती. पुढच्या वर्षी सहावीची ती मोठी परीक्षा, पीएसएलई, जिच्यावर इथे मुलांची पुढची शाळा ठरते. भाऊ म्हणाला, "बघतो."

पुढच्या रविवारी मी विचारलं, तर तो सहज म्हणाला, "नाही म्हणून कळवलं."

"का?"

"तुझंच वाचून." त्याने फोन पुढे केला. माझं टिपण ब्रोकरेजच्या गिऱ्हाइकांकडून कुठल्या तरी ग्रुपवर आलेलं, आणि त्यात संधीच्या परिच्छेदाखाली त्याने पिवळी रेघ मारलेली. "आमच्यासारख्या कंपन्यांचंच लिहिलंयस तू. मध्यम मुदतीत फायदा."

मी त्याला सगळं सांगितलं. तो परिच्छेद शिरस्त्याचा असतो, जोखीम लिहिली की तो लिहावाच लागतो, त्या सकाळी पाऊस पाडायचा हुकूम असता तर मी पाऊसही लिहिला असता. माझं खरं मत मी तुला दर रविवारी इथे याच टेबलावर सांगते आहे.

त्याने फोन परत खिशात ठेवला. मग म्हणाला, "ताई, राग मानू नकोस. घरी तू बोलतेस ते रागाने. ऑफिसात लिहितेस ते विचार करून. मी विचार केलेलं धरलं."

मी त्याला किती विनवलं! अजून फोन कर, मी चुकलो म्हणून सांग, पाय धर हवं तर. त्याची बायको उठून स्वयंपाकघरात गेली आणि उगाच नळ सोडून उभी राहिली. माझा नवरा कधी आमच्या भांडणात पडत नाही, तोही म्हणाला, "एकदा विचारून तरी बघ." भाऊ हसला. छापलेल्या माझ्यावर त्याचा इतका विश्वास होता की समोर बसलेल्या मला तो ओळखायलाच तयार नव्हता. आमच्या घरात हे असंच होतं म्हणा. वडील कोर्टात टंकलेखक होते. टाइप झालेल्या कागदापुढे तोंडी शब्दाला त्यांनी कधी किंमत दिली नाही, आणि आम्हा दोघांना तसंच वाढवलं.

पावसाळी दिवसांत बातमी आली. अमेरिकेतल्या मोठ्या गिऱ्हाइकाने ऑर्डर पुढे ढकलली होती. कर किती राहणार, राहणार की जाणार, हेच कुणाला कळेना, मग कारखान्यासाठी यंत्रं घ्यायची कुणी? भावाच्या पूर्ण विभागाला एका व्हिडिओ कॉलवर बोलावून घेतलं, आभार मानले आणि नारळ दिला. पुण्याची जागा केव्हाच भरली होती. त्याने मला फोन केला तेव्हा आवाज अगदी नेहमीचा होता. "झालं गं," म्हणाला. "पण त्यांनी व्यवस्थित केलं सगळं." मागून भाचीचा आवाज येत होता, ती आईला विचारत होती, "देन माय पीएसएलई हाउ?" आई काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले.

दुसऱ्या दिवशी त्या कंपनीच्या नोकरकपातीवर टिपण करायचं काम माझ्याकडेच आलं. जोखीम मी लिहिली: मागणी घटली आहे. खाली संधीसाठी जागा होती, आणि तिथे काय लिहायचं हे मला पक्कं ठाऊक होतं. खर्च कमी झाला, नफा सुधारेल, शेअर स्वस्त आहे. शिकाऊ पोरानेही लिहिलं असतं. मी प्रमुखबाईंकडे गेले आणि सांगितलं की काढलेल्यांत माझा भाऊ आहे, हे मी लिहिणार नाही. तिने खुर्चीतून उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सो सॉरी," ती म्हणाली, आणि खरंच तिला वाईट वाटलं होतं. मला खाली जाऊन कॉफी पिऊन यायला सांगितलं. मी परत आले तोवर तिने तो परिच्छेद स्वतः लिहून टिपण पाठवून दिलं होतं. छान लिहिला होता. दुपारी तो शेअर वर गेला.

मला त्या दिवशी कुणावर संतापावं तेच कळेना. राष्ट्राध्यक्ष लांब, त्यांना माझा भाऊ ठाऊकही नाही. कंपनीने नियमाप्रमाणे केलं. बाईने माझं ओझं हलकं केलं. सगळे आपापल्या जागी चांगले, आणि एक घर उठलं. ज्या धोरणाला मी लहरीपणा म्हणत होते त्याला रोज सकाळी शहाण्या भाषेचा कोट चढवून देणाऱ्या आमच्यासारख्या माणसांशिवाय ते एक आठवडा तरी टिकलं असतं का, असं मनात येत राहिलं. अजूनही येतं.

शनिवारी मी चोआ चू कांगला सामान बांधायला गेले. हॉलभर खोकी. भावजय भाचीला घेऊन शाळेचा दाखला आणायला गेली होती. भाऊ जमिनीवर बसून पुस्तकांच्या खोक्याला टेप लावत होता. मला बघताच त्याचा चेहरा उजळला. "बघितलंस? आमचा शेअर वर गेला! म्हणालो होतो ना तुला, जरा कळ सोसली की त्या माणसाचं गणित बरोबर निघतं. धंदा कळतो त्याला."

माझा ताबा सुटला. इतक्या दिवसांचं सगळं बाहेर पडलं. अरे, वर गेला तो तुला काढला म्हणून गेला. तुझा पगार वाचला म्हणून गेला. त्या माणसाच्या गणितात तू वजाबाकीत आहेस, तुझी पोर वजाबाकीत आहे, आणि तू टाळ्या वाजवतोयस! मी मोठमोठ्याने ओरडत होते. शेजारच्या मलय आजी दार किलकिलं करून बघून गेल्या.

भावाने टेप खाली ठेवली. मग अगदी हळू आवाजात, मान वर न करता म्हणाला, "कळतं गं मला, ताई. मूर्ख नाही मी. पण घर गेलं, पोरीची शाळा गेली, पुण्याचंही मीच नको म्हटलं. एवढं एक तरी माझं बरोबर होतं असं म्हणू दे."

मी खाली बसले आणि खोक्याची झाकणं दोन्ही हातांनी दाबून धरली. त्याने टेप लावली.