तपासणीच्या आदल्या दिवशी सायकल

डॉक्टरसमोर तब्येत ठणठणीत दिसावी म्हणून रक्ततपासणीच्या आदल्या दिवशी मी मुलीची सायकल काढली. परीक्षेच्या आदल्या दिवशी अख्खं पुस्तक वाचायची शाळेतली सवय पन्नाशीतही सुटली नव्हती. इथे आखातात, करामातल्या आमच्या घरातून निघालो तो थेट खाडीकाठी, आणि उन्हं उतरेपर्यंत पायडल मारत राहिलो. सीट माझ्या मापाची नव्हती. उतरल्यावर माझे दोन्ही पाय एकमेकांशी भांडल्यासारखे लांब लांब पडत होते. "बाबा, ॲट युअर एज?" मुलगी म्हणाली.

तपासणी बायकोने ठरवली होती. रात्रीचं माझं उठणं वाढलं होतं, आणि बाथरूममध्ये मी इतका वेळ उभा राही की ती बाहेरून विचारायची, "अहो, झोपलात का आत?" मी प्लंबिंगचा काँट्रॅक्टर. लोकांच्या नळांचं प्रेशर वाढवण्यात आयुष्य गेलं आणि स्वतःचंच कमी झालंय, हे सांगणार कुणाला? पण माझ्या वडिलांना प्रोस्टेटचा कॅन्सर होता, हे ती विसरली नव्हती. 'असल्या' जागेचं दुखणं म्हणून त्यांनी तोंड उघडलं नाही. हाडांत उतरून कंबर धरली तेव्हा कुठे घराला कळलं.

रिपोर्ट आला. पीएसए, म्हणजे प्रोस्टेटचा रक्तातला आकडा, वाढलेला. तो आकडा आम्ही दोघांनी आळीपाळीने चष्मा लावून वाचला, तरी कमी होईना. त्या दिवशी तिच्या भाताची पेज झाली. मी तीच परत वाढून घेतली.

डॉक्टर केरळचे, हिंदीत बोलणारे. त्यांनी कागदावर चित्र काढलं. वर मूत्राशय, त्याखाली अक्रोडाएवढी प्रोस्टेट ग्रंथी, आणि लघवीची नळी त्या ग्रंथीच्या बरोबर मधून. वीर्यातला काही द्रव ही ग्रंथी बनवते. वयाबरोबर ती फुगते आणि नळी आवळते.

"बीच में से?" माझ्यातला काँट्रॅक्टर जागा झाला. "डॉक्टर, ये ड्रॉइंग पास किसने किया? मेंटेनन्स का तो सोचा ही नहीं."

"वो ऊपरवाले से पूछिए. टेस्ट के पहले बुखार था? इन्फेक्शन? सायकल चलायी?"

मी छताकडे पाहू लागलो.

"चलायी," बायको म्हणाली. "शाम तक."

सायकलच्या सीटचा दाब नेमका तिथेच पडतो, त्याने आकडा चढू शकतो, असं डॉक्टर म्हणाले. पण कारण तेच, हे आत्ताच कसं म्हणायचं? घरात वडिलांना होता, तेव्हा जपायला हवं. आकडा वाढला म्हणजे कॅन्सरच असं नाही. आणि काही त्रास नाही म्हणजे कॅन्सर नाही, असंही नाही.

मग बोटाने तपासणी. मी कुशीवर, तोंड भिंतीकडे. लाजेने डोळे कुठे ठेवावे कळेना, तेवढ्यात भिंतीवर ओल दिसली.

"डॉक्टर, आपके एसी का ड्रेन लीक हो रहा है."

"पहले आपका देख लेते हैं."

ग्रंथी थोडी मोठी, पण हाताला गाठ लागली नाही. काही आठवडे सायकल बंद, मग पुन्हा रक्त द्यायचं, असं ठरलं.

त्या आठवड्यांत बायको माझ्यावर एकदाही ओरडली नाही. ओला टॉवेल पलंगावर टाकला तरी मुकाट्याने उचलून वाळत घाली. खरी भीती मला तेव्हा वाटली. इतकं गोड आमच्या घरात फक्त आजाऱ्याशी बोलतात.

दुसरा रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी आधी मान हलवली आणि मग कागद आमच्याकडे सरकवला. आकडा उतरला होता, वयाला शोभेल इतका. धार सुधारायला एक गोळी दिली आणि दर वर्षी तपासायला यायचं, सायकलशिवाय, अशी तंबी.

बाहेर येऊन मी टपरीवरचा करक, म्हणजे इथला कडक दुधाचा, चहा घेतला. बऱ्याच दिवसांनी चहाला चव लागली. गाडीत बसल्यावर म्हणालो, "खलास! सुटलो बुवा."

बायकोने तोंड खिडकीकडे वळवलं. मग तिने पदराने डोळे टिपले, नाक ओढलं आणि तिचा नेहमीचा आवाज परत आला.

"खलास कसलं? सकाळचा तो टॉवेल अजून पलंगावर पडलाय, घरी गेल्यावर आधी तो उचला. आणि मग गावी भाऊजींना फोन लावा, त्यांनाही रक्त तपासून घ्यायला सांगा. वडील काही तुमच्या एकट्याचे नव्हते."